खाटेजवळचा ताण: अतिदक्षता विभागातील परिचारिकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरातून अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत, काम करणाऱ्या परिचारिकांना त्यांच्या कामातील ताणाविषयी लिहायला सांगितले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत आणि लिहिणाऱ्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बहुतेक पत्रे नाइट ड्यूटी संपवून घरी आल्यावर लिहिलेली आहेत, हे त्यांच्या मजकुरावरूनच कळते. मी स्वतः बरीच वर्षे आयसीयूत आधी स्टाफ आणि नंतर इनचार्ज म्हणून काम केले असल्यामुळे, उत्तरांत अभ्यासकांच्या म्हणण्याबरोबर माझा अनुभवही आला आहे.

प्रश्न: आयसीयूत मला आठ वर्षे झाली. काम मनापासून आवडते. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण स्वतःच्या श्वासावर आला की आजही डोळे भरून येतात. तरीही ड्यूटीला निघताना पोटात गोळा येतो आणि महिन्यातून दोनदा तरी राजीनामा द्यावासा वाटतो. काम आवडते तर एवढा त्रास का होतो?

ताई, तुमच्या पत्रातील दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांपैकी एक खरी ठरवण्यासाठी दुसरी खोटी ठरवण्याची गरज नाही. कामातील समाधान वाढले की ताण आपोआप कमी होईल, असे आपण धरून चालतो. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्येच असे मांडले होते की समाधान देणारी कारणे आणि असमाधान निर्माण करणारी कारणे मुळातच वेगवेगळी असतात. प्रत्यक्ष काम, त्यातील जबाबदारी, आपल्या हातून काही चांगले घडल्याची जाणीव यांतून समाधान मिळते. तर पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक आणि कामाच्या ठिकाणची परिस्थिती बिघडली की असमाधान येते. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ टीका झाली, पण आयसीयूतील परिचारिकेला तो वाचताना आपलेच वर्णन वाचल्यासारखे वाटते. रुग्ण स्वतःच्या श्वासावर आल्यावर तुमचे डोळे भरून येतात ते पहिल्या कारणांमुळे, आणि पोटात गोळा येतो तो दुसऱ्या.

आता ताणाकडे पाहू. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये दाखवले की केवळ काम जास्त असल्यामुळे माणूस पिचत नाही. कामाची मागणी मोठी आणि त्या कामावर स्वतःचा ताबा मात्र थोडा, अशा जोडीने तो पिचतो. पहाटे तीनची वेळ डोळ्यांसमोर आणा. रुग्णाचा रक्तदाब उतरू लागला आहे, लघवीचे प्रमाण दोन तासांपासून घटले आहे आणि औषधाच्या पंपावर रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू आहे. एका आयसीयूत डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवले आहे की दाब अमुक आकड्याच्या खाली गेला तर अमुक मर्यादेपर्यंत डोस वाढवावा आणि कळवावे. तेथील परिचारिका पंपावरचा आकडा बदलते, वेळ टिपते, फोन करते. दुसऱ्या आयसीयूत असे काहीच लिहिलेले नाही. तेथील परिचारिका एका हातात फोन धरून, तो उचलला जाण्याची वाट पाहत, मॉनिटरवरचा आकडा खाली जाताना पाहत उभी असते. रुग्ण सारखाच आहे, आजार सारखाच आहे, पण सकाळी घरी जाताना या दोघींच्या अंगावर असलेले ओझे सारखे नसते.

म्हणून राजीनाम्याचा विचार करण्यापूर्वी एक काम करा. महिनाभर प्रत्येक ड्यूटीनंतर दोनच ओळी लिहा: आज कशामुळे जीव कासावीस झाला आणि आज कशामुळे बरे वाटले. माझ्या हाताखालच्या स्टाफकडून मी हे अनेकदा करून घेतले आहे. पहिल्या यादीत गंभीर रुग्ण फार थोडे निघतात. त्यात सापडतात चार्ज न होणारे पंप, अर्धवट हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवणे), डॉक्टरांच्या राउंडमध्ये सगळ्यांसमोर झालेला अपमान, शेवटच्या क्षणी बदललेला ड्यूटीचा रोस्टर. ही यादी घेऊन इनचार्जशी बोला. नुसते ‘फार ताण आहे’ असे सांगितले तर तिला काही करता येत नाही, पण ‘या महिन्यात पाच वेळा सक्शन (श्वासनळीतील कफ ओढून काढणारे यंत्र) चालू नव्हते’ यावर करता येते.

आणखी एक गोष्ट. कामामुळे आतून विझून जाण्याच्या अवस्थेला, म्हणजे बर्नआउटला, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्थान दिले, ते आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिच्या मुळाशी कामाच्या ठिकाणचा, वेळेवर न आवरलेला ताण असतो, असे त्या व्याख्येतच म्हटले आहे. तेव्हा ‘मीच कमी पडते’ हे वाक्य कृपया स्वतःशी म्हणू नका. मात्र सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर हा कामाचा ताण आहे म्हणून अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांना भेटा. इतरांना आपण हेच सांगतो.

प्रश्न: आयसीयूत रुजू होऊन मला पाच महिने झाले. सतत अलार्म वाजतात आणि प्रत्येक अलार्मला छातीत धस्स होते. घरी झोपेतही तेच आवाज येतात आणि मी दचकून उठते. सीनियर सिस्टर म्हणतात, सवय होईल. मला सवय व्हायला हवी का?

झोपेत मॉनिटर ऐकू येणे नवीन स्टाफमध्ये फार सर्रास आढळते आणि बहुतेकींच्या बाबतीत काही महिन्यांत ते कमी होते. पण ‘सवय होईल’ या उत्तराने माझे समाधान होत नाही, कारण आयसीयूत अलार्मची सवय होणे हाच एक मोठा धोका मानला जातो. सॅन फ्रान्सिस्को येथील एका विद्यापीठ रुग्णालयातील पाच आयसीयूंच्या 77 खाटांवर 31 दिवस नोंदी ठेवल्या गेल्या आणि 2014 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. त्या काळात मॉनिटरनी 25 लाखांहून अधिक इशारे दिले. कानांवर पडणारे अलार्मच दर खाटेमागे दिवसाला 187 होते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे जे इशारे अभ्यासकांनी एकेक करून तपासले, त्यांतील सुमारे 89 टक्के खोटे निघाले. इतक्या खोट्या हाकांमध्ये खरी हाक ओळखण्याचे काम तुमच्याकडून अपेक्षिले जाते, तेव्हा छातीत धस्स होणे हा तुमचा भित्रेपणा नाही.

ड्यूटीच्या पहिल्या दहा मिनिटांत यातले बरेच काही करता येते. हँडओव्हर घेतल्यावर आधी रुग्णाकडे पाहा, मग मॉनिटरकडे. त्या रुग्णासाठी अलार्मच्या वरच्या आणि खालच्या मर्यादा काय असाव्यात हे डॉक्टरांना किंवा सीनियरला विचारून, विभागाच्या नियमाप्रमाणे लावून घ्या. नेहमीच नाडी संथ चालणाऱ्या माणसाला यंत्राच्या ठरावीक मर्यादेवर ठेवले तर तो अलार्म रात्रभर वाजणारच. ईसीजीचे इलेक्ट्रोड त्वचा पुसून, कोरडी करून रोज बदलले की खोटे इशारे कमी होतात. ऑक्सिजनचा प्रोब घामेजलेल्या किंवा गार पडलेल्या बोटावर असेल तर बोट बदला. आणि रुग्णाकडे न पाहता अलार्म बंद करण्याची सवय, कोणी कितीही सीनियर तसे करत असले तरी, लावून घेऊ नका.

प्रश्न: आमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ तीन आठवड्यांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. मूत्रपिंडे निकामी आहेत, यकृतही आता साथ देत नाही. नातेवाईक ‘सगळे करा’ म्हणतात आणि डॉक्टर त्यांना स्पष्ट काही सांगत नाहीत. सक्शन करताना ते डोळे घट्ट मिटून घेतात. मी त्यांना बरे करत नाही, त्यांना छळते आहे, असे वाटते. ड्यूटीवर त्यांची खाट मला मिळू नये अशी मी प्रार्थना करते आणि मग त्याचीच लाज वाटते.

या पत्राने मला दोन दिवस अस्वस्थ ठेवले. तुम्ही जे लिहिले आहे त्याला अमेरिकी तत्त्वचिंतक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये परिचारिकांच्याच संदर्भात नाव दिले: नैतिक क्लेश. योग्य काय ते माणसाला कळते, पण व्यवस्था त्याला तसे वागू देत नाही, तेव्हा जे होते ते हे. दुःखाहून हे वेगळे आहे. रुग्ण गेल्याचे दुःख आपण रडून, बोलून, थोडा काळ जाऊ देऊन पचवतो. नैतिक क्लेशाचे तसे होत नाही. रुग्ण विभागातून गेल्यावरही त्याचा काही अंश मनाच्या तळाशी साचून राहतो आणि पुढच्या तशाच रुग्णाच्या वेळी नवा क्लेश त्या जुन्या थरावर येऊन पडतो. म्हणूनच दहा-बारा वर्षे झालेली सिस्टर एखाद्या साध्या प्रसंगी अचानक कोलमडते आणि इतरांना त्याचे कारण कळत नाही.

उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे हा निर्णय तुमच्या एकटीच्या हातात नाही. पण त्यांचे डोळे घट्ट मिटणे तुम्ही पाहिले आहे, आणि ते तुमच्या हातातले आहे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना मोजण्याची एक पद्धत आयसीयूसाठी तयार केलेली आहे: चेहरा, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी होणारी झटापट या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे, एकूण आठपैकी. सक्शनच्या आधी, सक्शन चालू असताना आणि नंतर हे गुण चार्टवर लिहा. राउंडमध्ये ‘बाबांना त्रास होतो’ असे सांगितले तर मान हलवून सगळे पुढे जातात. ‘सक्शनच्या वेळी वेदना आठपैकी सहा येते, त्याआधी वेदनाशामक देऊ का, ऑर्डर लिहाल का’ असे विचारले तर काहीतरी उत्तर द्यावेच लागते. सक्शनही घड्याळ पाहून न करता गरज भासेल तेव्हाच करायचे असते, हे विभागात पाळले जाते का तेही पाहा. आणि सुरू करण्यापूर्वी त्यांच्या कपाळावर हात ठेवून, ‘आजोबा, आता नळी साफ करते आहे, थोडा ठसका येईल’ असे सांगा. ते ऐकत आहेत असे धरूनच बोला.

दुसरी गोष्ट नातेवाईकांची. ‘सगळे करा’ या दोन शब्दांमागे बहुतेक वेळा ‘आम्ही काही कमी केले असे नंतर वाटू नये’ ही भीती असते. हे लोक रात्री दोन वाजता बाहेरच्या बाकावरून उठून तुमच्याकडे येतात आणि विचारतात, ‘सिस्टर, खरे सांगा, बाबा वाचतील का?’ तेव्हा आशा देणे किंवा झिडकारणे एवढेच दोन मार्ग आपल्यापुढे आहेत असे वाटते. तिसराही आहे. ‘त्यांची तब्येत फार गंभीर आहे. उद्या डॉक्टरांबरोबर बसून तुम्ही हे विचारावे असे मला वाटते. मी डॉक्टरांना तसे सांगून ठेवते,’ असे म्हणा, आणि खरोखरच सांगून ठेवा. त्या भेटीच्या वेळी परिचारिका हजर असावी असा आग्रह इनचार्जमार्फत धरा, कारण चोवीस तासांत त्या खाटेजवळ सर्वांत जास्त वेळ परिचारिकाच उभी असते.

खाट नको म्हणून प्रार्थना केल्याची लाज बाळगू नका. अशा रुग्णाची ड्यूटी आळीपाळीने द्यावी, एकीच्याच वाट्याला ती सलग येऊ नये, ही रास्त मागणी आहे आणि ती उघडपणे करावी.

रुग्ण गेल्यानंतरचीही एक गोष्ट सांगते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या एका ब्रदरने एक साधी रीत सुरू केली: प्रयत्न थांबवल्यावर तेथे असलेल्या सर्वांनी मिनिटभर खाटेभोवती शांत उभे राहायचे, गेलेल्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी झटलेल्यांसाठी. ही रीत पुढे अनेक रुग्णालयांनी उचलली. तिला पैसा लागत नाही, परवानगीचा कागदही लागत नाही. सीपीआरनंतर, म्हणजे छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नांनंतर, हातमोजे काढता काढता लगेच पुढच्या खाटेकडे धावणारी आम्ही माणसे, त्या एका मिनिटात काय होते हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न: माझी पत्नी आयसीयूत परिचारिका आहे. ड्यूटीवरून आल्यावर ती तासन्‌तास बोलत नाही. मी विचारले तर चिडते, न विचारले तर ‘तुम्हाला काही पडलेले नाही’ म्हणते. मी काय करावे?

घरी आल्यावर पहिला तास तिला काहीही विचारू नका. आंघोळ, खाणे, पडून राहणे, तिला हवे ते करू द्या. बारा तास प्रत्येक आवाजाला उत्तर दिलेल्या माणसाला त्या वेळी आणखी एक प्रश्न झेपत नाही. ‘आज काय झाले’ याऐवजी नंतर कधीतरी ‘आज बोलावेसे वाटते आहे की नुसते बसावेसे?’ असे विचारा. ती बोलली तर उपाय सुचवू नका आणि ‘सोडून दे ना मग’ असे तर मुळीच म्हणू नका. नाइट ड्यूटीनंतरच्या दिवशी दाराची बेल, फोन आणि घरची कामे तुम्ही सांभाळली आणि तिला अंधाऱ्या खोलीत सलग झोपता आले, तर तेवढ्यानेही तिचा पुढचा दिवस बदलेल. ती झोप तिच्या रुग्णांसाठीही लागते: सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखे चालते, असे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते.

प्रश्न: मी इनचार्ज सिस्टर आहे. स्टाफ कमी, रुग्ण जास्त. पदे भरणे माझ्या हातात नाही. व्यवस्थापन ताणमुक्तीचे व्याख्यान ठेवते आणि ऑफ असलेल्या मुलींना त्यासाठी बोलावते. मी माझ्या मुलींसाठी नेमके काय करू शकते?

ऑफच्या दिवशी ताणमुक्तीसाठी बोलावणे बंद करा, ही पहिली गोष्ट तुमच्याच हातात आहे.

स्टाफच्या संख्येबद्दल व्यवस्थापनाशी बोलताना भावनेपेक्षा पुरावा पुढे ठेवा. परिचर्येच्या अमेरिकी अभ्यासक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी, परिचारिकेला बर्नआउट होण्याची शक्यता 23 टक्क्यांनी आणि तिच्या कामातील असमाधानाची शक्यता 15 टक्क्यांनी वाढलेली आढळली. हा अभ्यास केवळ आयसीयूचा नाही, पण एकाच कारणाने रुग्ण आणि परिचारिका दोघांचे नुकसान होते, हे त्यातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. कॅलिफोर्नियात 2004 पासून परिचारिका आणि रुग्ण यांचे किमान प्रमाण कायद्याने लागू आहे, आणि आयसीयूत एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त दोन रुग्ण देता येतात.

हेही व्यवस्थापनाला सांगावे की आयसीयूची कल्पना यंत्रांपासून सुरू झालेली नाही. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून हाताने पिशवी दाबत त्यांना श्वास देत होते. खाटेजवळ सतत एक माणूस, हाच आयसीयूचा पाया आहे. माणूस काढून घेतला आणि यंत्रे ठेवली तर जे उरते त्याला आयसीयू म्हणता येणार नाही.

आता तुमच्या अधिकारातले. ड्यूटीचे वाटप डोकी मोजून करू नका, कामाचा भार मोजून करा. डायलिसिस चालू असलेला एक रुग्ण आणि उद्या वॉर्डात जाणारे दोन रुग्ण यांत पहिला जड असतो. युरोपातील 12 देशांत 31 हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत बारा तास किंवा त्याहून लांब पाळ्या करणाऱ्यांमध्ये बर्नआउट आणि असमाधान अधिक आढळले होते, तेव्हा लांब ड्यूटी टाळता येत नसेल तर निदान त्या सलग लावू नका, आणि नाइटहून उतरलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी उभी करू नका. रोस्टर जितका आधी लावाल तितका त्यांचा घरसंसार त्यांच्या ताब्यात राहील. जेवणाच्या वेळेसाठी ‘कोणीतरी बघेल’ असे न ठेवता, कोणाच्या खाटा कोण पाहणार ते नाव घालून फळ्यावर लिहा. आमच्या विभागात हे सुरू केले तेव्हा पहिल्या आठवड्यात एक मुलगी येऊन म्हणाली होती की तीन महिन्यांत आज पहिल्यांदा मी बसून जेवले.

आणि राहून गेलेले काम लिहून ठेवायला शिकवा. दर दोन तासांनी पोझिशन बदलायची होती आणि चार तास बदलता आली नाही, तोंडाची स्वच्छता एकदाच झाली, नातेवाईकांशी बोलता आले नाही, हे आपण लाजेने लपवतो आणि चार्टवर सगळे झाल्याच्या खुणा करतो. तसे केले की स्टाफ पुरेसा आहे असे कागद सांगू लागतात. कोणाला दोषी न धरता, ‘वेळेअभावी राहिले’ असे रोज नोंदवा आणि महिन्याच्या शेवटी ती बेरीज सही करून वर पाठवा. एका महिन्याने काही होणार नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र ते कागद बाजूला सारणे कोणालाही अवघड जाते.

प्रश्न: पूर्वी रुग्ण गेला की मी रडायचे. आता ‘सात नंबर गेला’ एवढेच मनात येते. मी दुसऱ्या विभागात बदली मागितली, तर सहकारी म्हणतात की मी पळ काढते आहे. मी दगड झाले आहे का?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची जी तीन लक्षणे सांगितली आहेत, त्यांत भावनिक थकवा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना यांच्या जोडीला हेही आहे: माणसाकडे माणूस म्हणून पाहणे सुटत जाणे. मन स्वतःला वाचवण्यासाठी दार लावून घेते. दगड झालेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. तुम्हाला तो पत्र लिहिण्याइतका पडला आहे. बदली घ्या. आयसीयूतील तुमची नजर वॉर्डात वाया जात नाही; रुग्ण बिघडू लागल्याची पहिली खूण तेथे तुमच्याइतक्या लवकर फार थोड्यांना दिसेल. परत यावेसे वाटले तर दार उघडे राहील, असे अर्ज देतानाच इनचार्जशी बोलून ठेवा. तोवर आजच्या ड्यूटीपासून एक करून पाहा: हँडओव्हर देताना आणि घेताना खाटेचा नंबर न म्हणता रुग्णाचे नाव घ्या.